ऐकवण्याआधी ऐकून घेणं



आजचं वाचन: याकोब १:१९-२० आणि ईयोब २:११-१३

याकोबाच्या पत्रातलं आजचं वचन आपल्यापैकी बऱ्याच जणांनी संडेस्कूलमध्येच पाठ केलेलं असतं. ऐकायला तत्पर राहा, बोलायची घाई करू नका, रागाला वेळ लावा, असा त्याचा आशय. पाठ असल्यामुळेच कदाचित आपण ते चांगल्या वागणुकीचा एक नियम म्हणून बाजूला ठेवतो. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, तोंडात घास असताना बोलू नये, त्याच यादीत हेही एक.

पण जरा थांबून एक प्रश्न विचारूया. आपण ख्रिस्ती लोक मानतो की आपल्याजवळ सत्य आहे. देवाचं वचन आपल्या हातात आहे. समोरचा माणूस गोंधळलेला आहे, दुःखात आहे किंवा चुकतो आहे, आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत आहे. मग आधी ऐकायचं कशासाठी? डॉक्टरला आजार कळला असेल तर त्याने औषध द्यायला उशीर का करावा?

या प्रश्नाचं उत्तर पवित्र शास्त्रातल्या तीन मित्रांच्या गोष्टीत सापडतं.

ईयोबाची सात मुलं आणि तीन मुली एकाच दिवशी गेल्या. संपत्ती गेली, शरीर फोडांनी भरलं. त्याचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, आपापल्या गावांहून त्याला भेटायला आले. लांबून पाहिलं तर तो ओळखूही येईना. ते मोठ्याने रडले, त्यांनी कपडे फाडले, आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कुणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख किती मोठं आहे हे त्यांना दिसत होतं.

आपण या मित्रांना नेहमी नावं ठेवतो, पण खरं सांगा, आपल्यापैकी कोण कुणासाठी सात दिवस जमिनीवर बसलं आहे? आपण तर प्रार्थनेचे दोन हात पाठवतो आणि पुढच्या चॅटवर जातो. हे मित्र प्रेमळ होते. वेळ काढून आले होते. गप्प बसायचं कसं हेही त्यांना कळत होतं.

मग बिघडलं कुठे?

ते गप्प होते तेव्हा ईयोबही गप्प होता. तिसऱ्या अध्यायात ईयोब तोंड उघडतो आणि आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. मी जन्मलोच का, असं विचारतो. त्या क्षणी मित्रांचा धीर सुटला. दुःखात असलेला शांत ईयोब त्यांना चालत होता. देवाला प्रश्न विचारणारा ईयोब त्यांना सहन होईना. चौथ्या अध्यायापासून उत्तरं सुरू झाली.

म्हणजे गप्प बसणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गप्प बसायला फक्त तोंड बंद ठेवावं लागतं. ऐकण्याची परीक्षा तेव्हा सुरू होते, जेव्हा समोरचा असं काही बोलतो की ज्याने आपल्याच मनातला हिशोब हलतो.

समजा, तुमच्या सेल ग्रुपमधली एक मुलगी आहे. तिच्या आईसाठी सगळ्यांनी महिनोन्‌महिने प्रार्थना केली, उपास केला, आणि आई गेली. अंत्यविधीच्या दिवशी सगळे आले. जेवणाचे डबे पोहोचवले. दोन महिन्यांनी एका संध्याकाळी ती ग्रुपमध्ये म्हणते, "मला आता प्रार्थना करावीशीच वाटत नाही. तो ऐकत असता तर..." आणि वाक्य अर्धंच सोडते.

आता खोलीत काय होतं? कुणीतरी चटकन म्हणतं, "असं बोलू नये गं." कुणी म्हणतं, "देवाची योजना असते." कुणी यिर्मया २९:११ सांगतं. सगळ्यांना तिच्याबद्दल प्रेम आहे. पण तिचं वाक्य अर्धंच राहिलं. ते पूर्ण काय होतं हे आता कुणाला कळणार नाही, कारण पुढच्या वेळी ती हसून म्हणेल, "हो, मी बरी आहे."

यिर्मयाचं ते वचन खोटं आहे का? मुळीच नाही. पण ते कुणाला लिहिलं होतं हे आठवा. बाबेलात पकडून नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातलं ते वाक्य आहे. त्याच्या आधीच्या वचनात देव त्यांना सांगतो की सत्तर वर्षं जातील. त्याही आधी सांगतो की तिथेच घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा. म्हणजे ते वचन पटकन बरं वाटावं म्हणून दिलेलं नव्हतं. लांबलचक दुःखात राहायचं कसं हे शिकवणाऱ्या पत्राचा तो भाग आहे. आपण त्याचा स्टिकर केला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या क्षेत्रात एक वाक्य इतकं प्रसिद्ध आहे की त्याचा विनोद झाला आहे: "माझ्या मशीनवर तर चालतंय." युजर तक्रार करतो की बटण दाबलं तरी काही होत नाही, आणि डेव्हलपर हे उत्तर देऊन तिकीट बंद करतो. गंमत अशी की ते वाक्य बहुतेक वेळा शंभर टक्के खरं असतं. त्याच्या मशीनवर चालतच असतं. पण तक्रार त्याच्या मशीनबद्दल नव्हती. समोरच्याचा फोन जुना असेल, नेटवर्क गावाकडचं असेल, अक्षरं मोठी करून तो वापरत असेल. यातलं काहीही विचारून घेतल्याशिवाय कळत नाही. खरं वाक्य चुकीच्या पत्त्यावर गेलं, एवढंच.

ईयोबाच्या मित्रांचं नेमकं हेच झालं. अलीफज जे बोलला ते सगळं चूक होतं असं समजू नका. ईयोब ५:१३ मध्ये तो म्हणतो की देव शहाण्यांना त्यांच्याच धूर्तपणात पकडतो. हेच वाक्य पुढे प्रेषित पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात (३:१९) शास्त्रलेख म्हणून वापरलं आहे. म्हणजे वाक्य खरं होतं, पौलाने उद्धृत करावं इतकं खरं. तरीही पुस्तकाच्या शेवटी (४२:७) देव अलीफजला सांगतो की तू आणि तुझे दोन मित्र माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला.

हे वाचून मी नेहमी थबकतो. देवाची बाजू मांडणाऱ्यांवर देव रागावला, आणि देवाला प्रश्न विचारणाऱ्याची त्याने बाजू घेतली. मला यातून असं समजतं की एखादं वाक्य नुसतं बरोबर असून पुरत नाही. ज्याच्याशी आपण बोलतोय त्याच्याविषयी ते खरं आहे का, हे ऐकल्याशिवाय कळत नाही. न ऐकता बोललेलं सत्य एखाद्या निर्दोष माणसावर आरोप होऊन पडू शकतं.

आणि ते तिथे थांबतही नाही. सुरुवातीला अलीफज सौम्य आहे. आठव्या अध्यायात बिल्दद मुलं गमावलेल्या बापाला म्हणतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, त्याचं फळ त्यांना मिळालं. बाविसाव्या अध्यायापर्यंत तर अलीफज सरळ ठपका ठेवतो की तू विधवांना रिकाम्या हाताने परत पाठवलंस, उघड्यांची वस्त्रं काढून घेतलीस. यातलं काहीही ईयोबाने केलेलं नव्हतं. पण मित्रांच्या हिशोबात शिक्षा दिसत होती, म्हणजे गुन्हा असायलाच हवा होता. सापडेना, तेव्हा त्यांनी तो तयार केला. ऐकणं थांबलं की माणूस रिकाम्या जागा आपल्या कल्पनेने भरतो.

मधे एकविसाव्या अध्यायाच्या सुरुवातीला ईयोब त्यांना जवळजवळ विनवतो. माझं बोलणं नीट ऐका, तेच माझं सांत्वन होईल, असं त्याचं म्हणणं आहे. त्याने उत्तर मागितलं नव्हतं. त्याने कान मागितले होते.

म्हणूनच मला वाटतं की आधी ऐकणं हा शिष्टाचाराच्या आधी न्यायाचा प्रश्न आहे. नीतिसूत्रे १८:१३ ऐकून घेण्याआधी उत्तर देण्याला मूर्खपणा आणि लाजिरवाणी गोष्ट म्हणतं. अनुवादाच्या पहिल्या अध्यायात मोशे न्यायाधीशांना बजावतो की भावाभावांतलं प्रकरण असो की परदेशी माणसाचं, लहान असो की मोठा, सगळ्यांचं सारखंच ऐका. योहान ७:५१ मध्ये सगळे परूशी येशूविरुद्ध बोलत असताना निकदेम एकच प्रश्न विचारतो: माणसाचं ऐकल्याशिवाय आपलं नियमशास्त्र त्याला दोषी ठरवतं का? येशूच्या बाजूने बोललं गेलेलं ते वाक्य ऐकण्याविषयी होतं.

आपण न्यायाधीश नसलो तरी रोज निकाल देतो. हा आळशी आहे. ती विश्वासात थंड झाली आहे. तो पैशासाठी मंडळी सोडून गेला. शिलोच्या मंदिरात एली याजकाने हन्नाबद्दल असाच निकाल दिला. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता, म्हणजे ही प्यालेली आहे. हन्नाने उलट सांगितलं की मी माझं मन देवापुढे ओतत होते. एलीची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. त्याने तिचं ऐकलं, हट्ट धरला नाही आणि तिला आशीर्वाद देऊन पाठवलं. पुढे त्याच हन्नाच्या मुलाला, लहान शमुवेलाला, देव हाक मारत असताना ऐकायचं कसं हे शिकवणाराही हाच एली होता. ऐकायला उशिरा सुरुवात केली तरी चालते, हा त्यातला दिलासा.

आता तुमच्या मनात येणाऱ्या दोन-तीन शंका बघूया.

पहिली शंका: वेळ कुठे आहे? सकाळचं स्टँडअप, दोन तासांचा ट्रॅफिक, घरी आल्यावर पुन्हा कॉल. आपण व्हॉइस नोटसुद्धा डबल स्पीडवर ऐकतो. मला हा प्रश्न खरा वाटतो. पण मार्क ५ वाचा. याईराची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारात आहे आणि येशू त्याच्या घराकडे निघाला आहे. याहून मोठी घाई कोणती? वाटेत बारा वर्षं रक्तस्रावाने आजारी असलेली एक स्त्री मागून त्याच्या वस्त्राला शिवते आणि बरी होते. काम झालं होतं. येशू पुढे जाऊ शकला असता. पण तो थांबतो, विचारतो, आणि ती त्याला सगळी हकीकत सांगते. मार्क मुद्दाम लिहितो की तिने सगळंच सांगितलं. बारा वर्षांची हकीकत, किती तरी वैद्य, संपलेले पैसे. आणि याईर बाजूला उभा. तेवढ्यात त्याच्या घरून निरोप येतो की मुलगी गेली. तरीही येशूला उशीर झाला नाही. आपण येशू नाही, प्रत्येक वेळी प्रत्येकाला वेळ देणं आपल्याला जमणार नाही. पण ज्याच्यासाठी थांबलो त्याच्यासाठी खरंच थांबावं, अर्धं लक्ष स्क्रीनवर ठेवून नव्हे, एवढं नक्की जमेल.

दुसरी शंका: ऐकून घेतलं म्हणजे मान्य केलं असं होत नाही का? लूक २४ मधला अम्माऊसचा रस्ता आठवा. क्लयपा आणि त्याचा सोबती उदास होऊन यरुशलेम सोडून चालले आहेत. येशू त्यांच्याबरोबर चालू लागतो आणि विचारतो, कशाबद्दल बोलताय? ते चकित होतात की तुला माहीतच नाही? तो विचारतो, कोणत्या गोष्टी? ज्याच्यावर ते सगळं घडलं तोच विचारतोय! त्यांच्याकडून त्याला कळण्यासारखं काहीच नव्हतं. तरी तो त्यांची तुटलेली आशा त्यांच्याच तोंडून पूर्ण ऐकतो. मग काय करतो? अगदी कडक शब्दांत त्यांना त्यांची चूक सांगतो आणि मोशेपासून संदेष्ट्यांपर्यंत शास्त्र उलगडतो. त्याने ऐकलं म्हणून सत्य पातळ झालं नाही. उलट, ते ज्या जागी अडकले होते नेमक्या तिथे ते सत्य जाऊन पोहोचलं, आणि त्यांची अंतःकरणं आतून पेटली.

तिसरी शंका सगळ्यांत महत्त्वाची: अन्याय होत असताना गप्प राहायचं का? नाही. आणि इथे मला स्पष्ट बोलायचं आहे. "आधी ऐकून घे" हे वाक्य पुष्कळदा चुकीच्या माणसाला सांगितलं जातं. जिला घरात मार बसतो तिला. ज्याची तक्रार कुणी घेतच नाही त्याला. शास्त्रात ऐकण्याची जबाबदारी प्रामुख्याने ज्याच्या हातात काही अधिकार आहे त्याच्यावर येते, जसं की न्यायाधीश, याजक, राजा आणि प्रेषित. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होत होतं. कुरकूर झाली. प्रेषितांनी तिला बंडखोरी म्हटलं नाही. त्यांनी ऐकलं, आणि सात जण नेमण्याची व्यवस्था केली. त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. खरं ऐकलं की काहीतरी बदलतं. आणि नीतिसूत्रे ३१:८ सांगतं की ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी तोंड उघड. तसं तोंड उघडण्याआधीही त्याचं ऐकून घ्यावंच लागतं, नाहीतर आपण त्याच्या नावाने आपलंच बोलणार.

जर्मनीतले पाळक डीट्रिख बॉनहॉफर फिंकेनवाल्डे इथे तरुण पाळकांना शिकवत होते. १९३७ मध्ये नाझी पोलिसांनी ती संस्था बंद पाडली. तिथल्या एकत्र राहण्याच्या अनुभवावर त्यांनी लिहिलेलं छोटं पुस्तक १९३९ मध्ये आलं. त्यात ते ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याची सेवा कशी करावी ते सांगतात, आणि वचन सांगण्याच्या सेवेआधी ऐकण्याची, मदतीची आणि दुसऱ्याचं ओझं वाहण्याची सेवा ठेवतात. त्यांचा एक विचार तर टोचतोच: जो भावाचं ऐकू शकत नाही, तो लवकरच देवाचंही ऐकेनासा होतो, आणि देवापुढेही फक्त बडबडत राहतो. हे कुणी भित्र्या माणसाने लिहिलेलं नाही. १९३३ मध्येच ते यहुदी लोकांच्या छळाबद्दल लिहीत होते, आणि ९ एप्रिल १९४५ ला त्यांना फाशी देण्यात आली. ज्याला ऐकायचं कसं हे ठाऊक होतं, त्याला बोलायचं कधी हेही कळलं.

आपल्या मराठीत या बाबतीत एक छान सोय आहे. आपण "त्याला चांगलंच ऐकवलं" म्हणतो, तेव्हा आपण जिंकलेले असतो. "त्याचं ऐकून घेतलं" म्हणतो, तेव्हा आपण काहीतरी आत घेतलेलं असतो. आणि "ती आईचं ऐकते" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ असतो की ती तसं वागते. इब्री भाषेतल्या "शेमा" या शब्दातही ऐकणं आणि आज्ञा पाळणं दोन्ही येतात. अनुवाद ६:४ याच शब्दाने सुरू होतं. म्हणून याकोबही १:१९ ला ऐकायला सांगून थांबत नाही. तीनच वचनांनंतर तो म्हणतो की वचनाप्रमाणे करणारे व्हा, नुसते ऐकणारे नको. आणि दुसऱ्या अध्यायात उघड्या-उपाशी भावाला नुसती "सुखाने जा" अशी शुभेच्छा देणाऱ्याचा तो समाचार घेतो. गरज न ऐकता दिलेला आशीर्वाद तिथे रिकामा ठरतो.

तर या आठवड्यासाठी तीन छोट्या गोष्टी.

एक, कुणी आपलं दुःख सांगत असेल तर वचन पाठवण्याआधी एक प्रश्न विचारा. "तुला यात सगळ्यांत जड काय जातंय?" इतकं साधं चालेल. उत्तर आल्यावर वचन वेगळंच सुचेल, किंवा सुचणारही नाही. रोमकरांस १२:१५ रडणाऱ्यांबरोबर रडायला सांगतं, त्यांना समजवायला नाही.

दोन, कुणी असं काही बोललं की ज्याने तुम्ही आतून हललात, तर तिथेच ओळखा की हा ईयोबाचा तिसरा अध्याय आहे. आत्तापर्यंत गप्प बसणं झालं, ऐकणं आता सुरू होतंय. अर्धं वाक्य पूर्ण होऊ द्या.

तीन, रोजच्या प्रार्थनेत आपल्या विनंत्यांच्या यादीआधी पाच मिनिटं एखादा छोटा शास्त्रपाठ वाचून शांत बसा. देवाने आपलं किती आणि किती वेळा ऐकून घेतलं आहे, हे त्या पाच मिनिटांत आठवतं. ज्याचं असं ऐकून घेतलं गेलं आहे, त्याला दुसऱ्याचं ऐकणं थोडं सोपं जातं.

प्रार्थना करूया.

हे स्वर्गीय पित्या, तू आमची अर्धी वाक्यंही समजून घेतोस, म्हणून तुझे आभार. आमच्या घरात, ऑफिसात आणि मंडळीत ज्यांचं बोलणं मध्येच तोडलं गेलं आहे, त्यांच्याकडे आमचे कान वळव. तुझ्या वतीने बोलण्याची घाई आमच्यातून काढून टाक. आणि जिथे बोललंच पाहिजे, तिथे ऐकून मग बोलायचं धैर्य दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.